ट्रायकोनची झणझण: काढली तरी दर वर्षी परत येते तेव्हा

लक्षण आधी सांगतो. गिटार मांडीवर आडवी, तिसऱ्या तारेवर बार (तारांवर सरकवायचा धातूचा तुकडा), आणि एका ठरावीक सुरावर आतून झरझर. रिकाम्या डब्यात माशी अडकल्यासारखी. बार अर्धा इंच पुढे सरकवला की गप्प, मागे आणला की माशी हजर. उघडून साफ केली की जाते. सहा-आठ महिने सगळं छान चालतं. मग कोजागरीच्या आसपास एक दिवस पुन्हा झरझर, फक्त या वेळी सूर दुसराच.

माझ्याकडे हे पाच वर्षं चाललं. तेवढ्यात गिटार सहा वेळा उघडली गेली आणि त्यातल्या चार वेळा तरी उघडायची गरज नव्हती. ज्यांच्याकडे जुनी धातूची रेझोनेटर (आतल्या धातूच्या कोनांनी आवाज मोठा करणारी गिटार) आहे, किंवा घरातल्या कुणाची तरी माळ्यावर पडून आहे आणि आता खाली काढायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझी गिटार मामाची. मामा साठच्या दशकात गिरगावात हवाईयन गिटार शिकला. तेव्हा सिनेमाची गाणी मांडीवरच्या गिटारवर वाजवायची टूम होती. पुढे तो अमेरिकेत गेला आणि तिथे त्याने ही घेतली: नॅशनल कंपनीची ट्रायकोन, म्हणजे तीन कोनांची रेझोनेटर, स्टाइल २, चौकोनी मानेची. गेल्या खेपेला आला तेव्हा माझ्या हातात देऊन म्हणाला, "वाजव, नाहीतर विकून टाक, पण भिंतीवर टांगू नकोस."

आतलं यंत्र ठाऊक नसेल तर पुढचं सगळं हवेत जाईल, म्हणून ते आधी. १९२० च्या दशकात अमेरिकेत हवाईयन संगीताचं वेड होतं, पण गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर रुळला नव्हता. बँडच्या गलक्यात मांडीवरची लाकडी गिटार ऐकूच यायची नाही. जॉर्ज बोशां हा वादक मोठ्या आवाजाची गिटार शोधत होता, आणि लॉस एंजेलिसमध्ये त्याला जॉन डोपेरा हा स्लोव्हाक कारागीर भेटला. १९२७ मध्ये त्यातून ट्रायकोन आली. अंग पत्र्याचं. वरच्या पत्र्याखाली एक खोलगट घर, त्यात अ‍ॅल्युमिनियमचे सहा-सहा इंचांचे तीन कोन (आइस्क्रीमचा कोन, भूमितीतला नव्हे), टोकं वर करून बसवलेले. दोन जाड तारांच्या बाजूला, एक बारीक तारांच्या. तिन्ही टोकांवर टी आकाराची अ‍ॅल्युमिनियमची घोडी, त्या घोडीच्या खाचेत लाकडी सॅडल आणि सॅडलवर तारा. तार छेडली की घोडी हलते, घोडी तिन्ही कोन हलवते, आणि कोन लाउडस्पीकरच्या पडद्यासारखे हवा ढकलतात.

यातली कळीची गोष्ट म्हणजे यातलं काहीही चिकटवलेलं नाही. कोनांना स्क्रू नाही, घोडीला गोंद नाही. तारा सॅडलवरून खाली टेलपीसकडे (तारांची खालची टोकं अडकवलेली असतात तो भाग) उतरतात, त्या उताराचा दाब सगळ्याला जागेवर धरून ठेवतो. सगळ्या तारा एकदम काढल्या तर आतला संसार मोकळा होतो. म्हणून या गिटारच्या तारा एकेक करून बदलायच्या. हा नियम मोडल्यामुळे आलेली झणझण मी दोनदा स्वतःच पैदा केली आहे.

एक गंमत सांगायची राहिली. आपल्याकडे जुन्या बायका अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणतात. या गिटारचं अंग जर्मन सिल्व्हरचं, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. चांदी औषधालाही नाही. आणि कोन अ‍ॅल्युमिनियमचे. आईला मी समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाहेरूनही जर्मन आणि आतूनही जर्मन." तिचं बरोबर आहे.

अंगावरच्या नक्षीबद्दल थोडं, कारण ती पुढे भानगडीत येणार आहे. स्टाइल १ साधी, २ वर रानगुलाब, ३ वर लिली, ४ वर शेवंती, सगळं हाताने कोरलेलं. उजेडात तिरकी धरली तर गुलाबाच्या देठाची रेघ सरळ नसते, बारीक नागमोडी असते. कारागिराने हत्यार डुलवत डुलवत पुढे नेल्याची खूण. नारळाची झाडं आणि समुद्र दिसतो ती बहुतेक स्टाइल ओ असते. ती १९३० पासूनची, साडेनऊ इंचांच्या एकाच कोनाची, आणि तिच्यावरचं चित्र कोरलेलं नसून वाळूच्या फवाऱ्याने उमटवलेलं असतं. विकणारे दोन्हींना 'एनग्रेव्ह्ड' म्हणतात. डोब्रो या वेगळ्या बनावटीच्या रेझोनेटरची गोष्ट तिसरीच: कोन उलटा, टोक खाली, वर कोळ्यासारखी घोडी. खाली लिहिलेल्या तपासण्या तिन्हींना चालतील, उघडण्याची रीत मात्र ट्रायकोनची आहे.

आवाज कसला आहे ते आधी ऐका

मराठीत आवाजांना शब्द भरपूर आहेत, ते इथे कामाला येतात. मी वहीत तीन खाने केले आहेत.

झणझण म्हणजे तंबोऱ्याच्या जवारीसारखा, सुराला चिकटून येणारा आणि सुराबरोबरच विरणारा आवाज. हा बहुतेक वेळा तारेच्या टेकूवर असतो: नटच्या (खुंट्यांकडचा तारांचा टेकू) किंवा सॅडलच्या खाचेत. खरखर म्हणजे सुराच्या सुरुवातीला मोठी आणि मग अचानक बंद होणारी. तिथे तार किंवा कोनाची कड कशाला तरी घासतेय. आणि खडखड, टिणटिण म्हणजे काहीतरी सुटं आहे. ते सुटं गिटारमध्येच असेल असंही नाही.

साध्या गिटारवाल्यांची पहिली शंका पडद्यांवर (मानेवरच्या फ्रेट्सवर) असते. इथे ती सोडून द्या. चौकोनी मानेच्या गिटारवर तारा इतक्या उंच असतात की त्या पडद्यांना शिवतच नाहीत. पडदे नुसते खुणेपुरते. निम्मा गोंधळ तिथेच कमी झाला.

मग पाहायचं की झणझण कुणाच्या मागे आहे, तारेच्या की सुराच्या. एकाच तारेवर सगळीकडे येते का? मग ती तार, तिची खाच किंवा तिचा टेलपीसमधला मणी. फक्त खुल्या तारेवर येते, बार ठेवला की जाते? नट. तोच सूर दुसऱ्या तारेवर काढला तरी येते? मग तार निर्दोष. कुठलातरी सुटा भाग त्या सुराला नाचतोय. सगळ्या तारांवर, सगळीकडे? तेव्हा कुठे घोडी आणि कोन यांच्यावर शंका घ्यायची. बहुतेक लोक (मीसुद्धा) शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात, कारण स्क्रू उघडायला मजा येते.

खोलीची झडती

पहिल्या वर्षी मी तीन संध्याकाळी 'सा'वर येणारी टिणटिण शोधत होतो. मुलगी तार छेडत होती, मी गिटारच्या अंगावर बोटं दाबत फिरत होतो. चौथ्या दिवशी ती कंटाळून म्हणाली, "बाबा, हे गिटारचं नाहीये, मांडणीतल्या डब्यांचं आहे." स्वयंपाकघरातल्या मांडणीवर दोन स्टीलचे डबे एकमेकांना टेकून उभे होते. मध्ये फडकं घातलं, टिणटिण बंद. ट्रायकोनचा आवाज खोलीभर पसरतो. देवघरातली घंटा, खिडकीची सैल काच, कपाटाची कडी, सगळे साथ करतात. म्हणून तोच सूर गॅलरीत जाऊन वाजवून बघा. तिथे आला नाही तर गिटार पेटीत ठेवा आणि घर आवरा.

बाहेरून आत

दोन माणसं लागतात. एकाने तो सूर पुन्हा पुन्हा काढायचा, दुसऱ्याने एकेका भागावर बोटाचं टोक हलकेच ठेवायचं. आवाज थांबला की चोर सापडला. क्रम बाहेरून आत: खुंट्यांची बटणं आणि त्यांचे बारीक स्क्रू, तारांची वर कापलेली टोकं (ही एकमेकांना टेकून फार खोडसाळपणा करतात), टेलपीस, टेलपीसखालचं फेल्ट, कव्हरप्लेटचे (कोनांवरच्या झाकणाचे) स्क्रू, जाळ्या, हँडरेस्ट (घोडीवरचा हात टेकायचा भाग), शेवटी अंगाच्या डाक लावलेल्या कडा.

कव्हरप्लेटचे स्क्रू घट्ट करताना हात आखडता ठेवा. पत्रा पातळ असतो. पाऊण वळणात भोकाचे आटे गेले तर मोठा स्क्रू ठोकायचा मोह होतो, तो आवरा. स्क्रू मेणात बुडवून परत लावला की बहुतेक वेळा धरतो. आणि सगळे स्क्रू सारखे आवळले तर आवाज जातो असंही नाही. कधीकधी एक स्क्रू पाव वळण सैल केल्यावर प्लेट नीट बसते आणि मग शांत होते.

जाळीचा डाक सुटला असेल तर नखाने टिचकी मारल्यावर ती 'टक' न करता 'छर्र' करते. हे घरी दुरुस्त करू नका. नक्षीच्या पत्र्यावर गॅसची ज्योत म्हणजे गुलाबावर डाग, तो जन्मात जात नाही. डाक देणाऱ्याला आधी जुन्या ताटलीवर करून दाखवायला सांगा.

हँडरेस्टखाली टॉर्च मारून बघा. सॅडलच्या मागे तारा खाली उतरतात, तिथे एखादी तार कव्हरप्लेटच्या कडेला केसभर टेकत असेल तर खरखर येते. टेलपीस जरासा डाव्या-उजव्या हाताला सरकवून हे सुटतं. टेलपीसखाली काहीतरी घालून तो उंच करू नका. उतार कमी झाला की दाब कमी, आणि दाब कमी झाला की घोडी कोनांवर नाचते. झणझण घालवायला गेलात आणि दुसरी घरात घेतलीत.

नट आणि सॅडल: मिरजेचा धडा

दुसऱ्या वर्षीची माझी झणझण दोन प्रकारची होती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. एक आतली माशी, आणि दुसरी पहिल्या तारेवरची जवारीसारखी. कामानिमित्त मिरजेला जाणं झालं तेव्हा गिटार बरोबर नेली. तिथे एका तंतुवाद्यवाल्या काकांनी ती मांडीवर घेतली, पहिली तार दोन-तीनदा छेडली आणि डोळे मिटून म्हणाले, "जवारी झकास लागलीय की! काढायची कशाला?"

मी म्हटलं, काका, या वाद्यात ती नको असते.

"मग उलटं करायचं," ते म्हणाले. त्यांनी जे समजावलं ते इतकं नेटकं होतं की आजवर मला कुठे तसं वाचायला मिळालेलं नाही. जवारी म्हणजे घोडीच्या पाठीवर तार अगदी हळू चढायला हवी, टेकते-न टेकते अशी, म्हणजे ती त्या पाठीवर झणझणत राहते. आणि झणझण नको असेल तर तारेला टेकायला एकच धारदार जागा हवी. माझ्या नटच्या खाचेचा तळ नव्वद वर्षांत घासून सपाट आणि रुंद झाला होता. तार तिथे तंबोऱ्यासारखी लोळत होती. त्यांनी बारीक कानशीने खाचेचा तळ खुंट्यांच्या बाजूला जरासा उतरता केला, म्हणजे तार फक्त पुढच्या कडेवर टेकेल. दहा मिनिटांचं काम.

घरी करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. तार खाचेत अर्धीच बुडायला हवी. खोल खाचेच्या भिंतीही झणझण करतात. आणि कानस दोन फेऱ्या फिरवली की तार चढवून ऐका. घासलेलं परत येत नाही.

सॅडल त्यांनी बोटाने हलवून बघितलं. घोडीच्या खाचेत ते किंचित सैल होतं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, दिवाळीनंतर आकसतं. जूनमध्ये घट्ट बसवलेलं सॅडल डिसेंबरात हलतं. मेपलचा तुकडा मी नेला होता, त्याचं नवं सॅडल त्यांनी कोरड्या हवेत घट्ट बसेल असं करून दिलं. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी हे काम थंडीतच करावं. सैल सॅडलला फेविक्विक लावू नका. लाकडाची पातळ चिप कडेला सारली तरी पुरते, आणि पुढच्या माणसाला ते काढता येतं.

मी खूश. आता गेली. हवेचं कारण सापडलं, कोजागरीचं कोडं सुटलं असं वाटलं. पुढच्या ऑक्टोबरात माशी परत.

उघडायचीच वेळ आली तर

बाहेरचं सगळं तपासून झालं, गॅलरीतही आवाज येतो, सगळ्या तारांवर येतो, तर उघडा. दिवसाउजेडी, जमिनीवर, खाली पांढरी चादर. रंगीत नको, का ते पुढे कळेल.

आधी फोटो काढा. तारा हळूहळू सगळ्या मिळून सैल करा, एक पूर्ण आणि मग दुसरी असं नको. नटपाशी तारांवर कापडी पट्टी बांधली की त्या खुंट्यांवरून सुटत नाहीत. टेलपीस बाजूला करा. कागदावर कव्हरप्लेटचा आकार काढून प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा. जुन्या गिटारचे स्क्रू अदलाबदल झालेले आवडत नाहीत. घोडी उचलण्याआधी तिची जाड तारांची बाजू मार्करने खूण करून ठेवा. कोन कडेने धरून उचला, टोकावर बोट ठेवू नका, आणि प्रत्येकाची जागा आणि दिशा कागदी चिकटपट्टीवर लिहा. नव्वद वर्षांत प्रत्येक कोन आपल्या घराशी जुळलेला असतो.

मग बघायचं काय? कोनाच्या कडेला बारीक तडे. पांढरी पूड: समुद्राची हवा अ‍ॅल्युमिनियमला खाते, आणि ते तांब्याच्या भावंडांना टेकून दमट जागी बसलेलं असलं की जास्तच. कोन काचेच्या तावदानावर पालथा ठेवून हलकी टिचकी मारा. डुगडुगला तर कड वाकली आहे. घर मऊ कोरड्या ब्रशने साफ करा. पाणी नाही, लिंबू-चिंच तर अजिबात नाही.

परत बसवताना घोडी तिन्ही टोकांवर टेकते का ते पाहायला पातळ पतंगाचा कागद घ्या. तारा थोड्या ताणल्यावर प्रत्येक टोकाखालचा कागद ओढून बघा. एक सहज सुटला तर तो कोन काम करत नाही आणि तिथेच झणझण जन्मते. तो कोन घरात थोडा थोडा फिरवून बघा. माझ्याकडे अर्ध्या वळणात जुळला. घोडी घासायला जाऊ नका.

आणि कृपा करून काही चिकटवू नका. तिसऱ्या वर्षी कंटाळून मी गिटार मुंबईतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. त्याने तिन्ही कोनांच्या कडेला पारदर्शक सिलिकॉन भरून दिलं. झणझण गेली, हे खरं. आवाजही गेला. गोधडीखालून वाजवल्यासारखा. ते सिलिकॉन बोटाने चोळून चोळून काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

तारा परत चढवल्यावर पहिला दिवस गिटार घुसमटल्यासारखी वाजते. घाबरून पुन्हा उघडू नका, कोनांना बसायला एक-दोन दिवस द्या. ताणाकडे लक्ष ठेवा. मामा ती ए मेजरमध्ये लावायचा, सा ग प सा ग प अशी वरच्या अंगाने. मान चौकोनी आणि पोकळ पत्र्याची, ती काही वाकत नाही. पण जाड तारा घेऊन ते ट्यूनिंग लावलं तर कोन दबतात. मी ०.०१६ ते ०.०५६ इंचांचा संच लावतो आणि त्याच रचनेत एक पूर्ण सूर खाली, जीमध्ये ठेवतो. ए हवाच असेल तर खर्जाचं ट्यूनिंग, प सा प सा ग प, किंवा तारा बारीक.

माशी कोण होती

चौथ्या वर्षी मी जुनी कालनिर्णयं काढली. झणझण आली त्या तारखेला 'गि' असं लिहायची सवय होती. तीन वर्षांतले तिन्ही 'गि' दसऱ्यानंतरच्या दहा दिवसांत होते. मला वाटलं, बघा, हवाच. ऑक्टोबर हीट.

पण एक गोष्ट खटकत होती, आणि ती पहिल्याच वर्षी खटकायला हवी होती. सूर दर वर्षी वेगळा असायचा. सैल सॅडल, वाकलेली कड, सुटलेला डाक हे सगळे आपापल्या जागी राहणारे चोर; त्यांचा सूर फारसा बदलत नाही. ज्याचा सूर बदलतो तो पाहुणा असतो, दर वर्षी वेगळ्या जागी उतरणारा.

या वेळी उघडताना खाली आईची पांढरी चादर होती. कव्हरप्लेट उचलून तिरकी केली तर चादरीवर टपकन एक लाल दाणा पडला. तांदळाचा. कुंकवाने माखलेला. बारीक तारांच्या बाजूच्या कोनाच्या कडेला आणखी दोन सापडले, आणि कोन आणि घर यांच्या मध्ये झेंडूची एक वाळलेली पाकळी, पापडासारखी कडक. घराच्या तळाशी पांढरट पूड. मी ती कोनाची गंज समजत होतो. बोटावर घेतली तर पितळ घासायच्या पावडरीचा वास.

खंडेनवमी! घरातली सगळी हत्यारं, वाद्यं, शिवणयंत्र, माझा स्क्रूड्रायव्हरचा संच, सगळं पाटावर मांडून पूजा होते. आई आदल्या दिवशी गिटार पावडर लावून लख्ख घासायची, आणि पूजेत तिच्यावर अक्षता वाहायची. जिथून तारा हँडरेस्टखाली शिरतात तिथे चांगलं बोटभर भोक आहे. दाणा तिथून आत, कोनावर. तिथे तो एका सुराची वाट बघत पडून राहायचा.

आणि दर वेळी उघडून साफ केली की का जायची, तेही कळलं. मी गिटार पालथी करून झटकायचो. दाणा गालिच्यावर पडायचा आणि मी कोन नीट बसवल्याचं श्रेय घ्यायचो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, सरस्वती ती. अक्षता वाहू नको तर काय करू?" रागावली नाही, पण पटलंही नाही.

आता आमचं ठरलं आहे ते असं. गिटार पेटीत बंद, पेटी पाटावर, पूजा पेटीची. एक आपट्याचं पान तेवढं आई झाकण किलकिलं करून मानेच्या खाली ठेवते. पान मोठं असतं, आत जात नाही. घासणं पूर्ण बंद. पावडरीने आधीच गुलाबाच्या दोन पाकळ्यांच्या रेघा बोथट झाल्या आहेत, उजेडात तिरकी धरली की दिसतं. जर्मन सिल्व्हर काळसर पिवळं पडतं ते पडू द्या. वाजवून झालं की जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने घामाचे डाग पुसा, एवढंच. स्टाइल ओवाल्यांनी तर अजिबात घासू नये, वरचा निकेलचा मुलामा जातो आणि खालचं पितळ डोकावतं.

तुमच्याकडे खंडेनवमीला पूजा होत नसेल तरी आत डोकावून बघा. मामाला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, त्याच्याकडे असताना एकदा आतून त्याचीच बोटातली नखी निघाली होती, सहा महिने हरवलेली.

यंदाची कोजागरी होऊन गेली, 'गि' लिहिलेला नाही. चौथ्या तारेवर खालच्या अंगाला थोडी खरखर आहे, ती टेलपीसखालच्या फेल्टची, ते झिजलंय. पुढच्या वेळी तारा बदलताना घालीन नवं, एकेक तार सोडत.